नऊ नंबरचा प्रश्न

शनिवारी सकाळी बेल वाजली तेव्हा शिक्केकाका दाढी करत होते. अर्धा गाल साबणाचा, अर्धा स्वच्छ, अशा अवतारात त्यांनी दार उघडलं. समोर खालच्या मजल्यावरची शेजारीण उभी. एका हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड, दुसऱ्या हातात व्हिडिओ गेमचा डबा, आणि डोळे रडून रडून सुजलेले.

"काका, आधी हे तुमच्याकडे ठेवा," असं म्हणून तिने टॉवेल त्यांच्या हातात कोंबला.

काकांनी टोक उचलून पाहिलं. आत सहा सुऱ्या, दोन कात्र्या आणि एक किसणी.

"अगं, हे काय? दुकान काढतेस की काय?" काका म्हणाले. थट्टा करायची त्यांची सवय. पण ती हसली नाही म्हटल्यावर त्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

"गुरुवारपासून एकेक सुरी गायब होत होती. मला वाटलं, मीच वेंधळी, कुठेतरी ठेवते आणि विसरते. काल कपडे धुवायचं मशीन उघडलं, तर सगळ्या आत, चादरीत गुंडाळून ठेवलेल्या. आमच्या पोरीने लपवल्या होत्या. आठ वर्षांची पोर, काका! भुंग्याचा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधून घरभर फिरतेय. हे त्याला फिरायला नेतो म्हणाले, तर इतकी किंचाळली की कान बधिर झाले. म्हणे, 'तुम्ही त्याला तळघरात नेणार.' आपल्या बिल्डिंगला तळघर तरी आहे का हो?"

भुंग्या म्हणजे त्यांचा कुत्रा. काळाभोर, लठ्ठ, जगातल्या प्रत्येक माणसाला आपला मामा समजणारा.

मग तिने डबा पुढे केला. वर एक पाणचक्की, नदी, शेपूट हलवणारा कुत्रा. कोपऱ्यात पिवळा गोल शिक्का, आणि शिक्क्यात सात हा आकडा.

"हा शिक्का तुमच्या ऑफिसचाच ना? मी दुकानातून तुम्हाला फोन केला होता, काका. तुम्ही म्हणालात, सात असेल तर डोळे झाकून घे."

म्हणाले होते खरे. अगदी याच शब्दांत म्हणाले होते, आणि फोन ठेवल्यावर बायकोकडे बघून जरा छातीही फुगवली होती.

आता शिक्केकाका हे कोण, ते सांगायला हवं. तीस वर्षं ते एकाच मंडळात नोकरीला होते. त्या मंडळाचं काम म्हणजे कोणता व्हिडिओ गेम कितव्या वर्षापासून खेळावा ते ठरवायचं. तीन, सात, बारा, सोळा, अठरा. आकडा एकदा डब्यावर बसला की आईबाप निर्धास्त. लोकांना वाटतं, हे परीक्षक दिवसभर गेम खेळत बसत असतील आणि वर पगार घेत असतील. कसलं काय! एकेक गेम पुरा व्हायला चाळीस-चाळीस, शंभर-शंभर तास लागतात. मंडळात परीक्षक अकरा, आणि वर्षाला गेम शेकड्यांनी. सगळे पुरते खेळत बसले तर ज्या पोरांसाठी आकडा ठरवायचा ती पोरं म्हातारी होतील. म्हणून पद्धत अशी की गेममध्ये जे जे वाईटसाईट असेल ते बनवणाऱ्यानेच एका फॉर्मवर लिहून द्यायचं, आणि त्याचं चित्रण करून पाठवायचं. म्हणजे चोरानेच पोलिसाला घरी बोलावून दाखवायचं, बाबा रे, बघ, मी इथून इथून उडी मारली. हसू नका, बहुतेकजण खरंच सांगतात. खोटं उघडकीला आलं तर धंदा बसतो, हे त्यांनाही कळतं.

दुसरी पद्धत आकड्यांची. कुणी कुणाला भेटू नये, ओळख काढू नये, गळ घालू नये, म्हणून परीक्षकाला नाव नाही. काका तिथे 'परीक्षक क्रमांक नऊ'. पलीकडूनही सही यायची ती नुसती 'तांत्रिक विभाग' अशी. काकांची स्वतःची लेकही याच धंद्यात होती. दुसऱ्यांनी बनवलेल्या गेमची डागडुजी करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. काकांनी ते मंडळाला लेखी कळवलं होतं. मंडळ म्हणालं, त्यासाठीच तर आकडे आहेत. तिच्याही तोंडाला कुलूप, यांच्याही तोंडाला कुलूप. बापलेक रविवारी एका टेबलावर जेवायचे आणि जगातल्या सगळ्या विषयांवर भांडायचे, पण आपल्या कामाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत.

काकांची एक खोड मात्र मंडळात प्रसिद्ध होती, आणि तेवढी एक घरीही ठाऊक होती. फॉर्म वाचून झाला, चित्रण बघून झालं, की ते स्वतः गेम सुरू करायचे आणि त्यातलं प्रत्येक बंद दार ठोठावून बघायचे. लोकांच्या घरी गेलं की बंद खोलीकडे बघू नये, ही त्यांच्या आईची शिकवण. नोकरीत त्यांनी ती बरोब्बर उलटी करून ठेवली होती. या पाणचक्कीच्या गेममध्येही त्यांनी तेच केलं. गेम तसा साधा, गोड. दळण दळायचं, पाव भाजायचे, कुत्र्याला खायला घालायचं. सुरुवातीलाच विचारतात, तुझ्या कुत्र्याचं नाव काय? लिहिलं की पुढे सगळीकडे तेच नाव. चक्कीखाली एक तळघर, आणि तळघरात लोखंडी पट्ट्यांचं एक दार. काकांनी ते ढकललं, लाथा घातल्या, गेममधल्या सगळ्या किल्ल्या लावून पाहिल्या. ढिम्म. तेव्हा त्यांनी रीतसर फॉर्म काढून प्रश्न पाठवला: 'तळघरातील लोखंडी पट्ट्यांचे दार उघडते का?' नऊ दिवसांनी उत्तर आलं: 'नाही. खेळाडूसाठी हे दार उघडत नाही.' खाली सही, तांत्रिक विभाग. काकांनी सातचा शिक्का मारला आणि फाईल कपाटात गेली.

तर तो डबा आता शेजारणीच्या हातात होता.

"मला दाखव," काका म्हणाले, आणि तसेच अर्ध्या गालाने खाली गेले.

पोर आतल्या खोलीत दार लावून बसली होती. दाराखालच्या फटीतून भुंग्याचं नाक तेवढं दिसत होतं. बाहेर सोफ्यावर काका बसले, शेजारणीने टीव्ही लावला.

"चक्कीवर घंटा आहे ना, ती वाजवायची. आधी तीनदा, मग थांबून तीनदा, मग एकदा. शाळेत कुणाला तरी सापडलं. एकाला सापडलं की सगळ्या शाळेला सापडतं."

काकांनी घंटा वाजवली. तीन, तीन, एक. खाली तळघरात गेले. ज्या दाराला त्यांनी लाथा घातल्या होत्या ते दार हळूच, तेल घातल्यासारखं उघडलं. आत काळोख. पाठोपाठ कुत्रा शेपूट हलवत आत आला, आणि दार मागे बंद झालं. पडद्यावरच्या हातात आपोआप कुऱ्हाड आली. मग अक्षरं उमटली: 'भुंग्याला मारल्याशिवाय बाहेर जाता येणार नाही.'

काकांना वाटलं आपण चुकीचं वाचलं. त्यांनी पुन्हा वाचलं. तेच होतं.

ते दुसरं काहीतरी शोधायला लागले. भिंती चाचपल्या, कुऱ्हाड टाकायचा प्रयत्न केला, पडत नव्हती. गेम बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तीच खोली, तोच कुत्रा, तीच अक्षरं. कुत्रा पायाशी येऊन बसला आणि वर बघायला लागला.

"तिनेही असंच केलं," शेजारीण मागून म्हणाली. "बंद केला, लावला, बंद केला, लावला. मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं, टीव्ही बिघडलाय म्हणून खुडबूड करतेय."

"मग?"

"मग तिने केलं, काका. तिला वाटलं, दुसरा रस्ताच नाही."

शेवटपर्यंत बघायचं ही नोकरीची शिस्त, म्हणून काकांनी बटण दाबलं. एकदाच. त्यानंतर जे दिसलं आणि जे ऐकू आलं ते इथे सांगायची गरज नाही. तीस वर्षांत त्यांनी अठराच्या शिक्क्याची रक्ताची थारोळी बघितली होती आणि मग निवांत डबा खाल्ला होता. पण ते अठराचं होतं. हे सातचं होतं, यांचं स्वतःचं, आणि पडद्यावर केकाटणाऱ्या जनावराला दाराआडच्या त्या बिचाऱ्या लठ्ठ कुत्र्याचं नाव होतं. काकांच्या हातातून रिमोट खाली पडला, आणि त्या आवाजासरशी आतून पोर ओरडली, "भुंग्याला हात लावू नका!"

काकांनी टीव्ही बंद केला आणि ते वर आले.

सोमवारी मंडळात नुसता कल्लोळ. एकतीस तक्रारी आल्या होत्या. अध्यक्ष बाईंनी काकांना खोलीत बोलावून दार लावलं. बाई एरवी काकांशी आदराने बोलायच्या, आज खुर्चीसुद्धा दाखवली नाही.

"गुरुवारी सुनावणी. कंपनीकडून एक माणूस, आपल्याकडून एक. त्या दिवशी आकडे उघडणार, नावं वाचली जाणार. एक तर उत्तर देणारा दोषी, नाहीतर विचारणारा. जो दोषी ठरेल त्याचं नाव जाहीर यादीत, आणि या धंद्यात पुन्हा काम नाही. तुमच्या निवृत्तीला किती महिने राहिलेत?"

"चार."

"बघा बुवा," बाई म्हणाल्या. "तीस वर्षांचं नाव आहे तुमचं. ते उत्तराचं पत्र फाईलला आहे ना? मग तुमचं म्हणणं कडक लिहून आणा."

कडक? काकांच्या अंगाची लाहीलाही होत होती. मंगळवारी सुट्टी टाकून ते घरी टेबलाशी बसले आणि एका दमात पानभर लिहून काढलं. मग बायकोला समोर बसवून वाचून दाखवलं. काकूंच्या मांडीवर शब्दकोड्याची वही होती, ती त्यांनी मिटली.

"'ज्या व्यक्तीने हे उत्तर लिहिले तिला लहान मुलांच्या खेळांच्या आसपासही फिरकू देऊ नये. ही चूक नव्हे, हा कोडगेपणा आहे.' कसं वाटतं?"

"कोडगेपणा जरा जास्त होतंय," काकू म्हणाल्या. "कोण आहे, काय आहे, आधी बघा तरी. त्यालाही आई असेल."

"असेल तर तिने वेळीच दोन थोबाडात द्यायला हव्या होत्या!"

काकूंनी वही पुन्हा उघडली. नवऱ्याच्या रागाला मध्येच अडवलं तर तो दुप्पट होतो आणि सोडून दिला तर चहापर्यंत उतरतो, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा अनुभव. या वेळी मात्र चहा झाला तरी राग तसाच होता. सुऱ्यांचा टॉवेल काकांनी खुर्चीच्या पाठीमागच्या फळीवर ठेवला होता. येता-जाता तो दिसायचा, आणि दिसला की पानात आणखी एखादं वाक्य वाढायचं.

बुधवारी दुपारी लेक आली. घरात तिला बुटकी म्हणायचे. आता तिशी ओलांडली, दोन माणसं तिच्या हाताखाली काम करत होती, तरी घरात बुटकीच. सुट्टीचा वार नाही, फोन नाही, आणि केस विंचरलेले नाहीत. काकूंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या आणला.

"बाबा, मला एक पत्र लिहून द्या," ती बसता बसता म्हणाली. "तुमच्या मंडळाच्या भाषेत. मला ती भाषा येत नाही, आणि उद्या सकाळी द्यायचंय."

"कसलं पत्र?"

"मी सांगायला नको खरं तर. पण आता कुलूप ठेवून काय करू, घरच जळतंय. ती पाणचक्की, बाबा. ती डागडुजीला माझ्याकडे होती."

काकूंच्या हातातला तांब्या टेबलावर जरा जोरात टेकला. आपल्या कानात काहीतरी गुणगुणतंय असं काकांना वाटलं, आणि लेकीचा आवाज त्या गुणगुणीच्या पलीकडून येत होता.

"तो गेम मुळात मोठ्यांसाठीच होता. भुताखेतांचा, कापाकापीचा. मग वरच्यांचं डोकं फिरलं, म्हणाले, लहान मुलांचा करा. तळघर काढायचं ठरलं. पण त्या तळघरालाच सगळं लटकलेलं. कुत्र्याचं चालणं, भट्टीतला जाळ, सगळं आधी तिथेच बनलेलं. ते उपटलं की पीठ खाली पडायच्या ऐवजी छताकडे जायचं! तारीख तर डोक्यावर आलेली. शेवटी म्हणाले, राहू दे, नुसतं बंद कर. मी दार लावलं. या धंद्यात सगळे असंच करतात, बाबा. कुणी काही काढत नाही, सगळे दारं लावतात."

"आणि घंटा?" काकांनी विचारलं.

"ती आमची चोरवाट. तपासायला आत जावं लागायचं ना. नंतर काढायची होती. राहिली." तिने चेहरा दोन्ही हातांनी चोळला. "आता कंपनीने हात वर केलेत. उत्तर कुणी लिहिलं? हिने. मग हिलाच उभी करा. पण बाबा, मी खोटं नाही लिहिलं! त्या परीक्षकाने विचारलं, दार उघडतं का. मी लिहिलं, खेळाडूसाठी उघडत नाही. मागे काय आहे हे त्या शहाण्याने विचारलंच नाही. नऊ नंबर म्हणे. असेल कुणीतरी म्हातारा, पेन्शनची वाट बघत खुर्ची उबवणारा. त्याच्या हलगर्जीपणापायी मी का मरू? या धंद्याशिवाय मला दुसरं काय येतं? लिहा ना. 'परीक्षक क्रमांक नऊ याने.'"

आणि तीस वर्षांची सवय बघा, काकांनी खरोखर पेन उचललं. कागद ओढला. 'परीक्षक क्रमांक नऊ' एवढं लिहिलं. पुढे हात चालेना.

काकू एकदा नवऱ्याकडे बघत होत्या, एकदा लेकीकडे. काल वाचून दाखवलेलं पान त्यांना शब्द न् शब्द आठवत होतं.

"अहो, सांगा तिला," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी सांगते."

"काय सांगायचंय?" लेक म्हणाली.

"नऊ नंबर मी," काका म्हणाले.

लेकीचं तोंड उघडंच राहिलं. मग तिला रडू यायच्या ऐवजी संताप आला, आणि तो बापाच्याच वळणाचा होता.

"तुम्ही? प्रत्येक दार ठोठावणारे तुम्ही? मग विचारलं का नाहीत, मागे काय आहे म्हणून?"

"लिहिला होता," काका म्हणाले. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, त्या पानातही घातलं नव्हतं. "कच्च्या वहीत दुसरा प्रश्न लिहिला होता. दारामागे काय आहे. पण एका फॉर्मवर एकच प्रश्न चालतो. दुसऱ्यासाठी दुसरा फॉर्म, तो आणायला दोन मजले खाली जायचं. लिफ्ट बंद होती, गुडघा ठणकत होता. म्हटलं, उघडतच नसेल तर मागे काही का असेना. आणि खोडला."

"गुडघ्यासाठी?"

"गुडघ्यासाठी."

काकू उठल्या. "कालपासून कुणाच्यातरी आईने थोबाडात द्यायची होती ना?" त्या म्हणाल्या. "सांगा आता, आधी कुणाच्या देऊ?"

आता मात्र लेकीला रडू फुटलं. नाक पुसायला काहीतरी हवं म्हणून तिने मागे न बघता फळीवरचा टॉवेल ओढला. सहा सुऱ्या, दोन कात्र्या आणि किसणी खळाखळा फरशीवर पडल्या. एक सुरी तिच्या पायापासून बोटभर अंतरावर येऊन थांबली.

"हे काय?" ती ओरडली. "इतक्या सुऱ्या कशाला?"

काकूंनी सांगितलं. काही तिखटमीठ न लावता सांगितलं. खालची पोर, कमरेला बांधलेला पट्टा, कपड्याच्या मशीनमधल्या सुऱ्या, पुन्हा पुन्हा बंद करून लावलेला गेम. आणि पडद्यावरचं नाव. सांगताना त्या वाकून एकेक सुरी उचलत होत्या आणि लेक एकेका सुरीकडे बघत होती. तिचा चेहरा हळूहळू असा उतरला की काकांना ती आठ वर्षांची दिसायला लागली.

काकांनी 'परीक्षक क्रमांक नऊ' लिहिलेला कागद बाजूला सारला आणि कोरा कागद घेतला. त्यावर मंडळाच्या भाषेत नाही, घरच्या भाषेत लिहिलं: 'दारामागे काय आहे हे तुला माहीत होतं का?' कागद फिरवून लेकीसमोर ठेवला आणि वर पेन ठेवलं.

तिने तो वाचला. पेनाला हात लावला नाही.

"नाव घालायची कल्पना माझीच होती," ती म्हणाली. "मुळात तळघरातल्या कुत्र्याला नावच नव्हतं. नुसतं 'जनावर' असं यायचं. मुलांना आपल्या कुत्र्याचं नाव लिहू द्यावं, किती आवडेल त्यांना, असं मला वाटलं. मी सगळीकडे 'जनावर' काढून नाव घातलं. एका दमात, सगळीकडे. गेम दुकानात जायच्या आठवडाभर आधी मी बसमध्ये उभी होते आणि एकदम लक्षात आलं. सगळीकडे म्हणजे तळघरातही. एक थांबा पुढे जाऊन उतरले. पण तेव्हा सांगितलं असतं तर तारीख गेली असती, सगळे माझ्यावर उखडले असते. मी म्हटलं, दार तर बंद आहे."

"म्हणजे उत्तर लिहिताना—"

"उत्तर लिहिताना आत काय आहे ते माहीत होतं. नावाचं नंतर कळलं. आणि कळल्यावरही मी गप्प बसले." तिने पेन उचललं आणि प्रश्नाखाली लिहिलं: 'हो.' मग खाली सगळं लिहायला लागली. घंटा, बस, तारीख, सगळं. तिचं अक्षर बापासारखंच, उजवीकडे कललेलं. काका समोर बसून आपला कागद लिहीत होते. कच्च्या वहीतलं खोडलेलं वाक्य, दोन मजले, लिफ्ट, गुडघा. मंगळवारचं कडक पान त्यांनी चार तुकडे करून खिशात घातलं. लिहून झाल्यावर दोघांनी खाली पूर्ण नावं लिहिली. लेकीला त्या सहीची किंमत चांगलीच ठाऊक होती. सही करताना तिचा हात थांबला, आणि मग तिने केली.

"उद्या दहाला सुनावणी," काका म्हणाले. "दोघं बरोबरच जाऊ."

"त्याच्या आधी खाली जायचं," काकू म्हणाल्या.

तिघं जिना उतरून खाली गेले. शेजारणीने दार उघडलं. तिच्यामागे ती पोर उभी होती, कमरेला पट्टा, पट्ट्याला भुंग्या. भुंग्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांना मामा मानून शेपटी हलवायला सुरुवात केली. पोरीने पट्टा हाताला गुंडाळून त्याला मागे ओढलं.

लेक गुडघ्यावर बसली. पोरीच्या नजरेला नजर द्यायची म्हणजे तिला बसावंच लागलं.

"तू कोण?" पोरीने विचारलं.

"तळघरातलं ते दार मी बंद केलं होतं," लेक म्हणाली.

पोरीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग तिच्यामागे उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं.

"नीट नाही केलंस," ती म्हणाली.

"नाही केलं," लेक म्हणाली, आणि काकांनीही मान खाली घातली.